संबंधांची वही

आमच्या फर्मला शंभर वर्षं झाली म्हणून एक जाडजूड पुस्तक निघालंय. दोघा संस्थापकांचे फोटो आहेत, पहिल्या भाड्याच्या खोलीचा आहे, आताच्या सहा मजल्यांचा तर आहेच. एका पानावर मीही आहे, हातात वही घेऊन. खाली लिहिलंय की ही वही आल्यापासून आमची फर्म एकदाही दोन्ही बाजूंनी बसली नाही. छापण्याआधी ते वाक्य मला दाखवलं होतं. मी मान डोलावली.

वहीची गोष्ट खरी आहे, निदान सुरुवातीची. दोघे संस्थापक शाळेपासूनचे मित्र. एकाने एका कागद कारखान्याच्या मालकाचं काम घेतलं आणि दुसऱ्याने, न विचारता, त्याच मालकाशी भांडणाऱ्या भागीदाराचं. कोर्टात दोघे समोरासमोर उभे राहिले तेव्हा न्यायाधीशांना म्हणे हसू आवरेना. दोघांना त्याची इतकी लाज वाटली की दुसऱ्याच दिवशी वही आली. सल्ल्याला जो येईल त्याचं नाव त्याच दिवशी वहीत. ओळीखाली लगेच ओळ, मध्ये कोरी जागा सोडायची नाही, म्हणजे मागाहून कोणी काही घुसडायला नको. नवा पक्षकार आला की एक चिठ्ठी सगळ्या वकिलांकडे फिरते: याच्याशी किंवा याच्या समोरच्या बाजूशी आपला काही संबंध? प्रत्येकाने 'नाही' लिहून सही करायची. शेवटची सही वही सांभाळणाऱ्याची. कॉम्प्युटर आले तरी वही राहिली, कारण बड्या पक्षकारांना ती दाखवायला बरी पडते.

ती मी एकतीस वर्षं सांभाळते आहे. नवे वकील रुजू झाले की पहिल्याच दिवशी मी त्यांना दम भरते: वहीत नाही ती भेट झालीच नाही. माझ्यामागे ते मला वहीबाई म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

माझा धाकटा भाऊ दवाखान्यातल्या खाटांची चाकं बनवायचा. लहानसा कारखाना, साठ माणसं, आणि चाक जागच्या जागी रोखणारी एक कळ, जी त्याने स्वतः डोकं लावून काढली होती. दवाखान्यांना सामान पुरवणारी एक मोठी कंपनी त्या कळीसाठी कारखाना विकत घ्यायला बघत होती. धाकट्यालाही विकायचा होता, कारण त्याची नजर जात होती. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितली होती. हे घरात फक्त त्याच्या बायकोला आणि मला माहीत. त्याची एकच अट होती: साठही माणसं कामावर राहिली पाहिजेत.

मीच त्याला म्हटलं, आमच्या थोरल्या साहेबांना भेट. थोरले साहेब म्हणजे संस्थापकांपैकी एकाचे नातू, फर्मचे प्रमुख. कोणाच्या मुलाची परीक्षा कधी आहे हेसुद्धा त्यांच्या लक्षात असतं. त्यांनी धाकट्याला पाऊण तास दिला. मी तिथेच बसले होते. धाकट्याने सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. अगदीच अडलं तर माणसांची अटही सोडावी लागेल, थांबायला वेळ नाही, हेही बोलून गेला. तो गेल्यावर मी वही उघडली, तर साहेब म्हणाले, अहो, घरचंच काम, वही कशाला? एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या इमारतीत मला कोणी घरचं म्हटलं होतं. मी इतकी फुशारले की वही मिटून टाकली.

तीन आठवड्यांनी चिठ्ठी आली. पक्षकार, ती मोठी कंपनी. समोरची बाजू, माझ्या भावाचा कारखाना. वर चौदा सह्या, चौदा 'नाही', आणि पहिला 'नाही' थोरल्या साहेबांचा. मी खाली 'आहे' लिहिलं. दुपारी साहेबांनी बोलावलं.

"वहीत नोंद आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हीच नको म्हणालात."

"मी काहीही म्हणेन. नोंद करणं काम कोणाचं?"

त्यांचा आवाज जराही चढला नाही. पुस्तक छापायला निघालंय, वहीत गाळलेली ओळ आहे हे सगळ्यांना सांगायचं का, असं त्यांनी मलाच विचारलं. मग नवी चिठ्ठी पुढे सरकवली. त्या चौदाजणांच्या सह्या तिच्यावर आधीच घेतलेल्या होत्या. लबाड माणूस आहे तो, हे मी कुठेही सांगेन. पण पेन माझ्या हातात होतं, आणि 'नाही' मी लिहिलं.

संध्याकाळी धाकट्याला फोन केला. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतोस ना, एवढंच विचारलं. फर्मच्या गोष्टी बाहेर सांगायच्या नाहीत हाही नियम आहे, आणि त्या दिवशी तो मला फार सोयीचा वाटला.

त्यानंतर कंपनी नुसती थांबून राहिली. आज त्यांचे संचालक परगावी, उद्या कागद अपुरे, परवा नवी तारीख. आठ महिने. हे लोक इतके निवांत कसे, हे धाकट्याला कळेना. मला कळत होतं. शेवटचा मसुदा आला तेव्हा त्यात साठ माणसांची अट नव्हती.

सह्यांच्या दिवशी तो एका तरुण वकिलाला घेऊन आमच्या मोठ्या खोलीत आला. तोवर सगळा व्यवहार कंपनीच्याच नावाच्या पत्रांनी, हाताखालच्या वकिलांकडून झाला होता, आणि सह्या आमच्याकडे आहेत हे त्याला त्याच सकाळी कळलं होतं. कंपनीच्या बाजूला कोण बसलंय हे त्याला आवाजावरून कळलं.

"मी तुमच्याकडे आलो होतो," तो म्हणाला. "सगळं तुम्हाला सांगितलं होतं."

साहेब म्हणाले, तशी काही नोंद आमच्याकडे नाही. मग त्यांनी मला आत बोलावून वही आणि चिठ्ठी टेबलावर ठेवायला सांगितलं. त्याचा वकील म्हणत होता की तक्रार करू, प्रकरण धसास लावू, तुमच्या बहिणीची साक्ष आहेच. धाकट्याने चिठ्ठी उचलून डोळ्यांशी नेली आणि एकेक सही बघत खाली आला. शेवटच्या सहीशी बराच वेळ थांबला.

"अक्षर ताईचंच आहे," तो वकिलाला म्हणाला. "राहू दे आता. सही कुठे करायची तिथे कोणीतरी बोट ठेवा, मला ओळ दिसत नाही."

कोणीच हललं नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले आणि बोट ठेवलं.