अर्लीनच्या उतारावरचे रानबटाटे

मोनो जमातीच्या बायकांची रानबटाटे खणायची टेकडी रस्ता रुंद करताना पोकलेननं खाऊन टाकली. तेव्हा अर्लीननं ढिगाऱ्यातून मूठभर कंद वाचवले आणि घरामागच्या उतारावर लावले. गावानं तिची यथेच्छ टिंगल केली. थेल्मा आत्या तर तोंडावरच म्हणाली, “शहरातल्या मडमांसारखी फुलझाडं लावतेय! रानबटाटा म्हणे दारात येतो!”

पण अर्लीनही खमकी. दर उन्हाळ्यात निळी फुलं सुकून बी गळलं की ती काठीनं उतार खणायची, कंदांना चिकटलेली पिलं सोडवायची आणि सगळं परत मातीत घालायची. खणलं नाही तर कंद दाटीत खुरटतात, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. इतक्या वर्षांत तिनं एकही कंद तोंडात टाकला नव्हता.

यंदा मात्र कंद टपोऱ्या सुपारीएवढे भरले. अर्लीननं खड्ड्यात दगड तापवून ते भाजले आणि थाटात सगळ्यांना जेवायला बोलावलं. नव्या जागेचा पहिला घास सगळ्यांत वडील बाईचा, म्हणजे थेल्मा आत्याचा. तिनं नाक मुरडलं, तर ही जागा खणायची जागा ठरणारच नाही, नुसती बाग.

आत्यानं कंद सोलला, तोंडात टाकला आणि सावकाश चघळत बसली. बाकीच्यांच्या हातातली ओकच्या फळांची पेज तशीच निवत होती.

“पिलं कुठायत? मूठभर दे मला, दारात लावते.”

अर्लीनचा चेहरा पडला. “एकसुद्धा नाही गं आत्या. खणली तशी तिथल्या तिथं पुरली.”

“मी मागतेय तरी?”

“तरी. जिथली तिथंच जायची ती. तू मागतेस म्हणून परत उकरू काय?”

म्हातारी खदखदून हसली. “शहाणी आहेस! टोपलीत भरून ठेवली असतीस, तर इथंच वाभाडे काढले असते तुझे.” मग ती सगळ्यांकडे वळली. “पोरींनो, टेकडी गेली म्हणून रडणं पुरे आता. पुढच्या उन्हाळ्यात काठ्या घेऊन इथं यायचं. पण जागा अर्लीनची. तिला विचारल्याशिवाय कुणी काठी रोवायची नाही. मीसुद्धा नाही.”

अर्लीनचा ऊर अभिमानानं भरून आला. तिनं एक कंद सोलला आणि सगळ्यांदेखत खाल्ला.