ट्रोलला चांदीचे डोळे

मी घरात शिरले तेव्हा माझ्या ट्रोलला चांदीचे डोळे लागले होते.

आधी वाटलं, दुसरंच काहीतरी आहे. खिडकीशेजारच्या टेबलावर, माझ्या दिव्याखाली, एक केशरी गोळा बसला होता. समोर फोडलेला नारळ, माझ्या ब्रशच्या डब्यात खोचलेल्या उदबत्त्या, आणि गोळ्यावर ते पत्र्याचे वटारलेले डोळे, देवाला चिकटवायला बाजारात मिळतात तसले. मग गोळ्यातून वर आलेला सोटा दिसला. त्या सोट्याच्या लाकडावरची एकेक रेघ मी ओढली होती.

"आत्या, हे कोणी केलं?"

सासूला आमच्यात आत्याच म्हणतात. बानाबाई खाली बसून करवंटीतून खोबरं काढत होत्या. चार दिवसांपूर्वी गावाहून, लासूर स्टेशनकडून, आमच्याकडे राहायला आल्या होत्या.

"म्या केलं," त्या म्हणाल्या. "देवाला असं उघडंबोडकं किती दिस ठिवायचं? शेंदूर नाय, डोळे नाय. घे, परसाद घे."

मी प्रसाद घेतला नाही. हातातली पिशवी खाली ठेवली. पिशवीत त्याच ट्रोलसाठी शहरातल्या औरंगपुऱ्यातून आणलेला, आतून स्पंज लावलेला डबा होता.

ट्रोल म्हणजे परदेशी कथांमधला डोंगरातला राक्षस. त्यांचे टेबलावर खेळायचे खेळ असतात, त्यात या मूर्ती लागतात. माझा वीतभर उंच होता, खांद्यावर शेवाळ, पाठीला कुबड, हातात सोटा. येतो तेव्हा नुसता करडा असतो, रेझिन नावाच्या प्लास्टिकचा. त्याला जिवंत करायचं ते रंगवणाऱ्यानं.

मी वाळूजला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये होते. गाड्यांच्या दारांवर रंगाचा ओघळ आलाय का, दाणा राहिलाय का, हे बघायचं काम. कंत्राट संपलं आणि आम्हा बायकांना घरी बसवलं. नोकरी गेली, पण डोळा काही जात नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रेरणानं औरंगपुऱ्यात असल्या खेळांचं दुकान टाकलं, तिनं एक मूर्ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, बघ जमतंय का. जमलं. इतकं जमलं की भाजी फोडणीला टाकून मी टेबलाशी जायची आणि भाजी लागायची.

आधी काळा हात. त्यावर हिरवट करडा, पाण्यात इतका पातळ केलेला की खालचं दिसत राहतं. मग वॉश, म्हणजे गडद रंगाचं पाणी. ते अंगावर सोडलं की सुरकुत्यांत, नखांच्या मुळांशी, नाकाच्या घडीत जाऊन बसतं आणि उंचवटे मोकळे ठेवतं. मग त्या उंचवट्यांवर थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जरा उजळ आणि जरा कमी जागेत. घाई केली की खालचा थर उकलतो आणि सगळं मुसळ केरात. या ट्रोलला मी दिवाळीपासून धरलं होतं. गुडघ्यांना आणि नाकाच्या शेंड्याला वॉशखालून लाली दिली होती. त्याचा चेहरा मला नुसता रागीट नको होता. रागावून रागावून दमलेल्या माणसाचा असतो तसा हवा होता, आणि तो तसा आला होता.

रविवारी प्रेरणाच्या दुकानात मूर्ती मांडायच्या होत्या. पुण्याच्या एका स्टुडिओतून सुलेखा मॅडम येणार होत्या आणि रंगवणारे निवडणार होत्या. ज्याची मूर्ती पसंत पडेल त्याला घरी काम मिळणार, नावानिशी. प्रत्येकानं एकच मूर्ती आणायची, बारा वाजायच्या आत. मला हे काम हवं होतं. दुसरं कुठलंही नको, हेच हवं होतं. आणि आज शुक्रवार होता.

"आत्या, हा देव नाही," मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

"असं म्हणू नगं. म्हसोबा हाय त्यो."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"रामानं. दिवाळीला भावकी बसलती, तवा कडुबानं इचारलं, सून घरी बसून काय करती म्हून. राम म्हणला, म्हसोबा रंगवती, शहरात लई मागणी हाय." त्यांनी खोबऱ्याचा तुकडा पुन्हा पुढं केला. "बिभीषण येणार हाय रविवारी भावकीला घिऊन. बकरं बी आणणार हाय. मोठं हाय, काळं."

राम माझा नवरा. बिभीषण त्याचा मोठा भाऊ, गावाकडं शेती आणि मेंढरं बघतो. कडुबा म्हणजे त्यांचे चुलते. मी खुर्चीवर बसले, कारण उभी राहिले असते तर काहीतरी फुटलं असतं. शेंदूर बोटाला घेऊन बघितला. गोडेतेलात कालवलेला, चांगला जाड, कानाच्या पाळीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं.

"तुमच्या म्हसोबाचं झालंय तेच केलंत याचं," मी म्हणाले. "वर्षानुवर्षं लेप देऊन देऊन त्याला तोंडच उरलं नाही. तुम्ही लेप देता आणि तोंड बुजतं. मी थर देते ते तोंड वर यावं म्हणून."

देवाबद्दल असं कुणी त्यांच्यापुढं बोललं नसेल. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

राम फर्स्ट शिफ्ट करून आला. दारातच त्याला तो केशरी गोळा दिसला. त्यानं गोळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग बराच वेळ वाकून बुटाची नाडी सोडत राहिला. त्या नाडीला गाठही नव्हती.

"म्हसोबा रंगवते मी?" मी विचारलं.

"अगं, तिथं सगळे बसले होते. काय सांगणार होतो? बायको राक्षस रंगवते?"

"हो. तेच."

"हसले असते."

"मग हसू द्यायचं. माझ्यावर हसले असते ना? तुमचं काय जात होतं?"

"माझ्यावर हसले असते," तो म्हणाला. निदान तेवढं तरी खरं बोलला. "नोकरी गेली म्हणून बायको खेळण्यांशी खेळत बसते, असं म्हणाले असते. म्हसोबा म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही."

आत्या खोबरं बाजूला ठेवून उठल्या. "मंजी ह्यो देव नाय?"

राम माझ्याकडं वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "असं करू या. रविवारचं तेवढं निभावून नेऊ. आईचं मन राहील, दादाचा हिरमोड होणार नाही. तू दुकानात दुसरा घेऊन जा. फळीवर आहेत की एवढे. सगळे सारखेच तर दिसतात."

फळीवरचे सगळे माझे चुकलेले ट्रोल होते. एकाचा वॉश नाकावर साचून डाग पडलेला, एकाचे डोळे तिरळे, एकाच्या अंगावर रंगाचे थर इतके जाड की बोटं चिकटलेली. त्या चुकांतून शिकून मी या एकापर्यंत आले होते. आमच्या घरात फळी ती एकच. हा माणूस रोज तिच्याखाली बसून जेवतो आणि त्याला सगळे सारखे दिसतात.

"सारखे दिसतात," मी म्हणाले. "बरोबर आहे. बघितलंच नाही तर सारखंच दिसणार. तुमच्या लाइनवरचा एकेक स्क्रू तुम्हाला वेगळा दिसतो, शिफ्टवरून आल्यावर तासभर मला सांगता, मी ऐकते. माझं एक काम तुम्ही कधी उचलून दिव्याखाली धरलं नाही. आणि भावकीत सांगायची वेळ आली तर त्याला देव करून टाकलं, म्हणजे त्यात माझं काही उरायलाच नको."

"योगिनी, आवाज कमी कर. शेजारी..."

"शेजाऱ्यांना काय सांगितलंय? खंडोबा?"

तेवढ्यात आत्यांनी रामचा दंड धरला. त्या लहानखुऱ्या बाई, पण मेंढरांमागं आयुष्य गेलेलं, पकड जबर. "रामा, म्या सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाय. तू कंपनीत पर्मनंट व्हावा म्हून म्या ह्याच्याम्होरं नवस बोलले. राक्षसाम्होरं. आन् तू मला बोलू दिलं."

"आई, मला काय माहीत तू शेंदूर लावशील..."

"देव म्हणल्यावर काय लावत्यात? पावडर?"

मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं. आलं नाही. आत्या माझ्याकडं वळल्या. "तू तरी काहून नाय बोललीस मला, काय करती ते?"

"मला कोणी विचारलं होतं?"

त्या मोरीत गेल्या, हात धुतले, लासूरच्या दिशेला तोंड करून हात जोडले, ओठ हलवत काहीतरी पुटपुटल्या. मग टेबलाशी आल्या. "लावला म्या. डोळे मीच काढीन. बाकीचं तू कर."

चांदीचे डोळे मेणानं बसवलेले होते. त्यांनी नखानं ते उचकटले. एका डोळ्याबरोबर कपाळावरचा माझा रंगही टवका होऊन आला. आत्यांनी तो टवका तळहातावर धरून माझ्यापुढं केला. मी तो उचलून दिव्याखाली ठेवला.

शेंदूर कसा काढायचा ते मला माहीत होतं. ट्रोलवर वॉर्निश बसलेलं होतं, खालचा रंग उतरणार नव्हता, म्हणून टर्पेंटाइन आणि कापसाचे बोळे. बोळे केशरी होत गेले. आधी नाक वर आलं, मग गालाचं हाड, मग खालची पापणी. आत्या वाकून बघत होत्या.

"अगं बया," त्या हळूच म्हणाल्या. "किती दमलेला हाय गं ह्यो."

माझ्या हातातला बोळा थांबला. ट्रोल दिवाळीपासून घरात असून नवऱ्याला जे दिसलं नाही, ते यांना आत्ता दिसलं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

"मपल्या म्हसोबाला बी खाली तोंड आसंल का गं?"

"असेल, आत्या."

"लगीन झाल्यापून लेपच दिऊन राहिले मी," त्या म्हणाल्या.

राम पलंगावर बसून फोनशी चाळा करत होता. मी तो घेऊन बिभीषणदादांचा नंबर लावला, परत त्याच्या हातात दिला आणि स्पीकर चालू केला.

"सांगा."

"दादा," राम म्हणाला, "रविवारी नका येऊ. बकरं नका आणू. त्यो देव नाय. खेळणं हाय, उगं टाइमपास म्हून..."

मी टर्पेंटाइनची बाटली खाली आपटली. पण माझ्याआधी आत्यांनी फोन घेतला.

"बिभीषणा, खेळणं नाय ते. योगिनीचं काम हाय. राक्षस रंगवती ती, लई बारीक काम हाय, म्या आत्ता डोळ्यानं बघितलं. देव म्हणला त्यो रामा, थाप मारली त्यानं. बकरं चरू दे. कडुबाला म्या सांगंन." आणि फोन कुठून बंद करतात ते माहीत नसल्यामुळं तो तसाच रामच्या मांडीवर ठेवून दिला. पलीकडून दादा बराच वेळ हॅलो हॅलो करत होते.

शनिवारभर मी ट्रोलचं कपाळ दुरुस्त करत बसले. सगळे थर पुन्हा द्यायला वेळ नव्हता, जमले तेवढे दिले. नाकाच्या घडीत आणि पापणीच्या आत शेंदूर राहिलाच. सुईच्या टोकानंही निघेना. शेंदरानं वॉशसारखंच केलं होतं, उंचवटे सोडून खोलात जाऊन बसला होता. मला तो आवडला नाही. सुलेखा मॅडमना आवडेल की नाही, मला माहीत नव्हतं. रामनं दिवसभरात दोनदा चहा करून टेबलावर ठेवला आणि दोन्ही वेळा तो निवला.

रविवारी सकाळी राम स्पंजचा डबा घेऊन तयार होता. मी डबा त्याच्या हातातून घेतला आणि पलंगावर ठेवला.

"तसाच न्यायचा," मी म्हणाले. "हातावर."

"वाळूजपासून औरंगपुऱ्यापर्यंत? लोक बघतील."

"बघू द्या."

आत्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रोलला काही लावलं नाही, नुसतं बघितलं. मी स्कूटी काढली, राम मागं बसला, तळहातावर बुचाच्या लाकडावर बसवलेला ट्रोल, दुसऱ्या हाताचा आडोसा वाऱ्याला. रस्ताभर मी खड्डे चुकवत होते, त्याच्यासाठी नाही, ट्रोलसाठी.

नगर नाक्याला सिग्नल लागला. शेजारी रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली.

"क्या है भाई ये? भूत है क्या?"

"मूर्ती आहे," राम म्हणाला.

सिग्नल सुटला. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला, मग त्याच्यामागच्यांनी. साडेअकरा होऊन गेले होते.

"योगिनी, चल ना. उशीर होईल. बारा वाजतील."

"वाजू द्या. काय आहे ते?"

"ट्रोल आहे."

"मला नाही, त्यांना सांगा. आणि कोणी रंगवलाय, तेही सांगा."

रिक्षावाला जायचं सोडून बघत होता. माझ्या पाठीमागं राम एकदा खाकरला. मग त्यानं ट्रोल धरलेला हात रिक्षाकडं केला.

"ट्रोल आहे हा. राक्षस. माझ्या बायकोनं रंगवलाय."

"मस्त है," रिक्षावाला म्हणाला आणि गेला.

"पुढच्या सिग्नललाही सांगायचंय," मी म्हणाले आणि गाडी चालू केली.