सदुसष्ट की सत्त्याण्णव

डोंगरात अडकलेला माणूस वायरलेसवर आपल्या ठिकाणाचे आकडे सांगू लागला, की ऐकणारा आधी एकच विचारतो, "सदुसष्ट की सत्त्याण्णव?" तैवानच्या नकाशांना दोन मोजण्या आहेत, सदुसष्ट सालची जुनी आणि सत्त्याण्णवची नवी. एकीचे आकडे दुसरीत घातले, तर ठिकाण साडेआठशे मीटर सरकतं आणि शोधणारे भलत्याच कड्यावर हाका मारत बसतात.

सावीने हीच चूक मुद्दाम केली होती.

तिच्या वडिलांनी, तामांनी, तिला एकतीस घरं चालत जाऊन दाखवली होती. बुनुन जमातीचे त्यांचे लोक डोंगरात मागे सोडून आले ती दगडी घरं, ज्यांच्या जमिनीखाली घरचीच माणसं निजवलेली. छपरं गेली, भिंतींवर शेवाळ आलं, चुलीतून झाडं उगवली. माणसं तिथेच राहिली.

"फोनात ठेव," तामा म्हणाले होते, "माझे गुडघे संपत आलेत. पण परक्याचा बूट त्यांच्या छातीवर पडता कामा नये."

बत्तिसावं घर तामांच्या आईचं. ते या वसंतात दाखवायचं ठरलं होतं.

म्हणून वाडीतल्या माणसांपुरत्याच ॲपात सावीने आकडे सदुसष्टचे भरले आणि त्यांवर नाव लावलं सत्त्याण्णवचं. वाडीच्या फोनांवर ॲप गुपचूप हिशेब करून ठिपका जागेवर आणी. कुणी फाइल चोरलीच, तर त्याला सगळी घरं पश्चिमेच्या दरीत, अधांतरी दिसली असती. ही मेख दोघांनाच ठाऊक होती, तिला आणि तिच्या चुलतभावाला, दाहूला.

आज सकाळी गिर्यारोहकांच्या एका नव्या ॲपात एकतीस लाल ठिपके उगवले. 'जुनी बुनुन घरं.'

फाइल गेली हे सावीला कळलं, तरी ती घाबरली नाही. जा म्हणावं दरीत. तिने बोटांनी नकाशा मोठा केला. पहिला ठिपका भिंतीवर होता. दुसरा उंबऱ्यावर. तिसरा, चौथा, एकेक घर जिथल्या तिथे. एकही ठिपका चुकलेला नव्हता. म्हणजे मेख कुणीतरी सांगितली होती.

दाहू त्याच ॲपच्या कंपनीत, ताइचुंग शहरात, नोकरीला होता. तिने फोन लावला.

"जेवलास?"

"आत्ताच. आवाज असा का गं, ताई?"

"सदुसष्ट की सत्त्याण्णव?"

"फाइल मी नाही दिली," दाहू म्हणाला. "कुणाचा तरी हरवलेला फोन होता. कंपनीकडे आधीच आली होती."

"मग तू काय दिलंस?"

"हसायचे गं सगळे. 'काय रे, तुझे आजे-पणजे दरीत लोंबकळत झोपायचे का?' रोज डबा उघडला की तेच. एके दिवशी तोंडातून गेलं, मोजणी बदलून बघा."

"एवढंच?"

"एवढंच."

"विकलं असतंस तर बरं झालं असतं, दाहू. मला नीट रागावता तरी आलं असतं."

"ते ठिपके काढून टाकायला सांगितलंय मी त्यांना."

"आणि ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्या फोनांचं काय?"

तिने फोन ठेवला.

तामा अंगणात हिरव्या आलुबुखारांना मीठ चोळत बसले होते. सावीने सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"दाहूनं?"

"हो."

"त्याला पाठुंगळी घेऊन चढलोय मी ती वाट."

"मेख त्याला मीच सांगितली होती, तामा. एकटीला जड वाटत होतं."

"हं."

मग ती हळूच म्हणाली, "आजीचं घर मी लिहिणार नाही. फोन इथेच ठेवीन. नुसती तुमच्या मागून चालेन."

तामांनी मान वर केली. डोळ्यांत राग असता तर तिला सोसला असता.

"लिहिलं नाहीस तरी तुला ठाऊक होईल, पोरी," ते म्हणाले. "आणि कधीतरी कुणीतरी तुलाही हसेल, दाहूला हसले तसं."

त्यांनी मिठाचे हात झटकले, गुडघ्यांवर रेटा देत उठले आणि परात घेऊन आत गेले. ती धरायला पुढे झाली, तर म्हणाले, "राहू दे."