धुराचा वाटा

पौडजवळच्या शेडमध्ये रंभाबाई एका मोटार कंपनीच्या सुट्या भागांना रंग चढवून द्यायच्या. कंपनीच्या सांगण्यावरून त्यांनी रंग पक्का करायची डिझेलची भट्टी काढून विजेची बसवली, तीही स्वतःच्या खर्चाने. कमी झालेल्या धुरापोटी मिळालेले कार्बन क्रेडिट मात्र कंपनीने परस्पर बाजारात विकले. रंभाबाईंना ते वर्तमानपत्रातून कळलं.

कंपनीच्या खरेदी विभागातला मनीष शेडवर आला, तेव्हा त्यांनी थेट विचारलं, “आमचा वाटा कुटं हाय?”

“करारात तसं काही नाही, मावशी. पण तुमची ऑर्डर वाढवतोय ना आम्ही.”

“भट्टी आमची, आन् इकून खाणार तुमी? काम वाढवून माझं तोंड बंद करताय व्हय?”

“काम नाकारलंत तर नुकसान तुमचंच होईल.”

“व्हईल तेवढं व्हऊ द्या. वाटा कागदावर येईस्तवर हितनं एक नग हालायचा न्हाई.”

रंभाबाईंनी स्वतः भट्टीचं बटण बंद केलं.

चौथ्या दिवशी रंगवलेले भाग संपले आणि कंपनीतलं काम थांबलं. मनीष नवा करार घेऊन आला. त्यात तिसरा हिस्सा देऊ केला होता. रंभाबाईंनी ‘तिसरा’ खोडून ‘निम्मा’ लिहिलं. मनीषने साहेबांना फोन लावला. त्यांचा होकार येईपर्यंत रंभाबाईंनी त्याला बसा म्हटलं नाही.