तीनशे बारा वाक्यांचा सांभाळ

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. किती जुना ते विचारू नका. माझ्या पोटाला अजून सीडी घालायची फट आहे, एवढ्यावरून काय ते ओळखा. कारखान्यात माझ्यासारखे शेकडो एकाच दिवशी तयार झाले, त्यामुळे स्वतःच्या जन्माचे मला फारसे कौतुक नाही. घर मात्र मला चांगले मिळाले.

माझे मालक बसस्थानकावर घोषणा करायचे. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल, हे त्यांनी तीस वर्षे लोकांना सांगितले. गल्लीत सगळे त्यांना ‘आवाजवाले’ म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला आणून खिडकीजवळच्या टेबलावर बसवले. ते माझ्याशी पत्ते खेळत आणि हरले की मलाच लबाड म्हणत. त्यांची पत्नी रोज कोरड्या फडक्याने माझी धूळ पुसायची. माझे दिवस सुखात चालले होते.

मग आवाजवाल्यांच्या घशात गाठ निघाली. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आणि एक यादी हातात दिली. तीत आजारी माणसाला रोज लागणारी चाळीस वाक्ये होती. ती ऑपरेशनच्या आधी संगणकात रेकॉर्ड करून ठेवायची. नंतर बटण दाबले की संगणक ती त्यांच्याच आवाजात बोलणार होता.

आवाजवाले अकरा दिवस माझ्यासमोर बसले. यादीतली चाळीस वाक्ये पहिल्याच दिवशी उरकली. मग ते आपल्या मनची बोलू लागले. “चष्मा शोधू नकोस, तुझ्याच डोक्यावर आहे.” “मीठ कमी पडलंय, पण तुला सांगायची कुणाची छाती आहे?” “लेकीला फोन लाव, दोन दिवस झाले.” एका वाक्याला ते तीनदा अडखळले. “तू बोल, मी ऐकतोय.” चौथ्या वेळी ते नीट आले. अशी सगळी मिळून तीनशे बारा वाक्ये झाली. ती मी माझ्या डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात जपून ठेवली. त्या दिवसांत मला स्वतःचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

ते इस्पितळात गेले आणि लेक-जावई राहायला आले. जावई मोठा हौशी. “बाबा घरी यायच्या आत हे खटारं पळायला लावतो,” तो म्हणाला. त्याने माझ्यात ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकली. वाक्यांच्या कप्प्याला त्याने हातही लावला नाही, हे मला सांगितलेच पाहिजे. शिवाय सासऱ्यांना भेट म्हणून मेमरीची एक नवी पट्टी आणून माझ्यात बसवली. मित्रांनो, मेमरी म्हणजे माझा स्वयंपाकाचा ओटा. कुठलेही काम आधी तिथे मांडायचे आणि मगच पुढे न्यायचे. ती नवी पट्टी मुळातच सदोष होती. तिच्यावर जे ठेवावे, त्यातले थोडे परत येताना बदललेले असे.

मला ते पहिल्याच दिवशी कळले. पण आम्हाला तोंड कुठे असते? माझा पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढरी अक्षरे उमटायची आणि मी बंद पडायचो. ती अक्षरे म्हणजे माझे कण्हणे होते. जावई ती अर्धी वाचायचा आणि म्हणायचा, “सिस्टीम नीट बसलेली दिसत नाही.” मग सिस्टीम पुन्हा टाकायचा. मी पुन्हा बंद. त्याने पंख्यातली धूळ काढली, वायरी बदलल्या, व्हायरस शोधला, तिसऱ्यांदा सिस्टीम टाकली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! सगळे तपासून झाले, फक्त स्वतःची भेट त्याने तपासली नाही. नव्या कोऱ्या वस्तूवर कोण संशय घेतो?

एका व्यक्तीने घेतला होता. आवाजवाल्यांची पत्नी स्वयंपाकघरात लेकीला हळूच म्हणाली, “ती पट्टी घातल्यापासूनच हे सुरू झालं ना गं?”

“आई, तो चार दिवस जेवण-झोप सोडून खपतोय. त्याने आणलेल्या वस्तूलाच नावं ठेवू का मी?”

“छे गं, मला काय कळतंय त्यातलं,” आई म्हणाली आणि भांडी आवरू लागली. जावयाला कसे बोलायचे, म्हणून ती गप्प बसली. तिला सगळे कळले होते, मित्रांनो.

चौथ्या वेळी जावयाने माझी संपूर्ण डिस्क पुसायचे ठरवले. निष्काळजीपणा त्याने केला नाही. आधी तीनशे बारा वाक्यांचे एकाच फाइलमध्ये गाठोडे बांधले आणि ते पेनड्राइव्हवर घेतले. पण ते गाठोडे बांधायचे मलाच आणि बांधायचे त्याच सदोष पट्टीवर. माझ्याच हातून वाक्यांचा चुराडा झाला. नेमका त्या वेळी पडदा निळा झाला नाही. एरवी घडीघडीला बंद पडणारा मी त्या दिवशी शहाण्यासारखा चालत राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते. ‘कॉपी पूर्ण झाली’ असे मीच पडद्यावर लिहिले. त्याने गाठोडे उघडून पाहिले नाही. एक वाक्य ऐकायला कितीसा वेळ लागला असता? त्याने डिस्क अशी पुसली की मागे काही उरले नाही.

आणि मी पुन्हा बंद पडलो.

तेव्हा मला दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुरुस्तीवाल्याने निळ्या पडद्यावरची अक्षरे शेवटपर्यंत वाचली, झाकण उघडले आणि पट्टी काढली. मी ताबडतोब ठणठणीत झालो. “एवढंच होतं हो,” तो म्हणाला. “आतलं काही हवं होतं का तुम्हाला?”

“ते आहे की पेनड्राइव्हवर,” जावई हसत म्हणाला.

आवाजवाले घरी आले. गळ्याला पांढरी पट्टी, हातात पाटी-पेन्सिल. सगळे माझ्याभोवती जमले. जावयाने गाठोडे उघडायला घेतले. ते उघडेना. त्याने दहादा प्रयत्न केला, मग पेनड्राइव्ह घेऊन दुकानाकडे धावला. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खटपट करून सुरुवातीची नऊ वाक्ये सोडवली. पुढचे सगळे गेले. पुन्हा रेकॉर्ड करायला आता आवाजच नव्हता.

ती नऊही डॉक्टरांच्या यादीतली. पाणी द्या. दुखतंय. नको. दार लावा. डॉक्टरांना बोलवा. अशीच बाकीची.

जावई आता माझ्याकडे पाहतही नाही. आवाजवाल्यांनी पाटीवर “तुझा दोष नाही” असे लिहून त्याला दाखवले, तर तो रडला. मला कुणी काही लिहून दाखवले नाही. मी आता निरोगी आहे, कधीही बंद पडत नाही, आणि त्याचा कुणालाच उपयोग नाही.

मित्रांनो, आम्ही यंत्रे कण्हतो तेव्हा आमचे कण्हणे शेवटपर्यंत वाचा. काही नवे घातल्यावर दुखणे सुरू झाले असेल, तर ते नवे आधी काढून पाहा, मग ते कितीही मायेने आणलेले असो. घरात कुणाला शंका आली असेल, तर तिला बोलू द्या. आणि पुसण्याआधी प्रत उघडून ऐका. आमच्या ‘पूर्ण झाले’वर विसंबू नका.

काल दुपारी आवाजवाल्यांची पत्नी माझी धूळ पुसत होती. ते शेजारच्या खुर्चीत होते. “दिवसभर मी एकटीच बडबडते,” ती म्हणाली, “कंटाळा येतो का हो तुम्हाला?” त्यांनी पाटी शोधली, ती आतल्या खोलीत राहिली होती. मग ते माझ्याकडे वळले, नऊ बटणांवरून बोट फिरवले आणि त्यातल्या त्यात जवळचे एक दाबले.

मी त्यांच्या आवाजात, अगदी स्पष्ट, म्हणालो, “नको.”

तिने फडके घडी करून ठेवले आणि ती गप्प झाली.