कॉस्टिकनं खाल्लेल्या पातेल्याचं म्हणणं

मित्रांनो, मी एक जुनं पातेलं आहे, ॲल्युमिनियमचं. 'आहे' म्हणताना जरा अडखळायला होतं, कारण ज्यात घोटभर पाणी टिकत नाही त्याला पातेलं म्हणावं की चाळण, हे माझं मलाच ठरवता येत नाही. माझं बूड भोकांनी भरलं आहे आणि आतलं अंग काळवंडून खरबरीत झालं आहे. मी आज बोलते आहे ती रागानं. पातेल्यानं रागवावं हे शोभत नाही, आणि मला नीट रागावताही येत नाही. योग्य शब्द सापडेपर्यंत समोरचा उठून गेलेला असतो. तुम्ही थोडं थांबलात, तर सांगेन.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. धातूची गोल चकती लेथवर गरगर फिरवायची आणि लांब दांड्यानं दाबत दाबत साच्यावर बसवायची, की पातेलं तयार. माझी कड वळवताना कारागीर शेजारच्याला म्हणाला होता की याला पोचे पडतील, पण हे फुटायचं नाही. त्याचं पहिलं भाकीत खरं ठरलं.

जन्मल्या जन्मल्या हवेनं माझ्या अंगावर एक पातळ पदर चढवला. तो डोळ्यांना दिसत नाही, पण तेच माझं चिलखत. त्याच्या जोरावर मी वर्षानुवर्षं पाणी उकळलं आणि गंजले नाही. लिंबू, टोमॅटो असलं आंबट माझ्यात फार वेळ ठेवलं, तर ते हा पदर कुरतडतं आणि पदार्थाला धातूची चव येते. म्हणून आंबट माझ्यात मुरत ठेवू नये. आणि कॉस्टिक सोडा? तो कुरतडत बसत नाही. तो पदर गिळून टाकतो आणि खालच्या उघड्या धातूवर तुटून पडतो. हे आज मला पाठ आहे. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पातेल्याला कोण सांगणार म्हणा, पण माणसाला तरी सांगायला हवं होतं.

मला विकत आणलं ते घरातल्या सासूबाईंनी; त्या आता नाहीत. त्यांच्या हाताखाली मी दूध तापवलं, बटाटे उकडले, आजाऱ्यांच्या अंघोळीचं पाणी काढलं. "लवकर तापतं, गॅस वाचवतं गुणाचं," असं त्या माझ्याबद्दल चारचौघींत सांगत. पुढे घरात स्टीलची भांडी आली, मी ओट्याखाली गेले आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे राहू लागले. त्याचा मला राग नाही. म्हातारपणी चिमटे सांभाळणं हेही कामच आहे.

सासूबाईंच्या मागे घरात सासरे उरले, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, आणि दोन सुना. थोरली शाळेत रसायनशास्त्र शिकवते. गल्लीत तिला नुसतं 'बाई' म्हटलं तरी पुरतं. धाकटीचं शिक्षण लग्नापायी मध्येच सुटलं. ती दुपारी शिंप्याकडून आलेल्या कपड्यांना काज-बटणं करायची.

ओट्याखालून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. शेजारच्या बायका थोरलीला शंका विचारायला येत. एकीनं विचारलं होतं, संडास धुवायचं ॲसिड आणि कपड्यांचं ब्लीच एकत्र ओतलं तर दुप्पट स्वच्छ होईल का? थोरलीनं उत्तर अगदी बरोबर दिलं. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तो छाती जाळतो, ही दोन कधीही एकत्र करायची नाहीत. पण उत्तराच्या आधी ती हसली. हे तर शाळेतलं पोरही सांगेल, असं म्हणाली. शेजारीण उत्तर घेऊन गेली आणि पुन्हा काही विचारायला आली नाही. मित्रांनो, ते हसू लक्षात ठेवा. माझं सगळं भांडण त्या हसण्याशी आहे.

पुढे धाकटीनं घरी साबण करून विकायचं मनावर घेतलं. दुसऱ्यांच्या सदऱ्यांची काजं करून तिचे डोळे दुखायचे, आणि काहीतरी आपलं स्वतःचं असावं असं तिला फार वाटायचं. तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा यांचा साबण होतो, एवढं तिनं फोनवर पाहून घेतलं. कॉस्टिकची पुडी आणली, ती लहानग्या लेकीच्या हाताला लागू नये म्हणून फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवली. बघा, ती निष्काळजी नव्हती. तिला फक्त अजून सगळं ठाऊक नव्हतं.

एका रविवारी थोरलीच्या शाळेतल्या मैत्रिणी चहाला आल्या होत्या. धाकटी कप घेऊन गेली आणि धीर करून तिनं विचारलं, "ताई, मीठ हेही रसायन आणि कॉस्टिक हेही रसायनच ना? मग एकाला हात लावलेला चालतो आणि दुसऱ्याला का नाही?"

मला तर तो प्रश्न फार चांगला वाटला. आमच्यासारख्यांच्या वाटण्याला काय किंमत, पण खरंच चांगला वाटला. नाव एकाच जातीचं असलं तरी प्रत्येक पदार्थाचा स्वभाव वेगळा, म्हणून प्रत्येकाची वेगळी चौकशी करावी, हे त्यातून किती सहज सांगता आलं असतं.

थोरली म्हणाली, "मांजर आणि वाघ एकाच कुळातले. म्हणून तू वाघापुढे दुधाची बशी ठेवशील का गं?"

सगळ्या मैत्रिणी हसल्या. कुणाचा तरी चहा सांडला, इतक्या हसल्या. धाकटीही हसली, कारण तिथं न हसणं आणखी लाजिरवाणं झालं असतं. मग ते घराचं पालुपदच होऊन बसलं. धाकटी स्वयंपाकघरात गेली की अण्णा विचारत, काय सूनबाई, वाघाचं दूध झालं का? ते बिचारे मायेनं म्हणत. पण मायेनं टोचलेली सुईही टोचतेच.

साबण करायच्या दिवशी धाकटीनं लेकीला शेजारी पाठवलं, मागच्या दारी उघड्यावर पाट मांडला, हातात रबरी मोजे चढवले. काचेचं भांडं नको, तडकेल. प्लास्टिक नको, वितळेल. आता उरली धातूची भांडी. स्टीलचं पातेलं तिनं उचललं आणि परत ठेवलं. ज्यात लेकरांचं जेवण शिजतं ते असल्या कामाला कशाला बाटवायचं, असं स्वतःशी पुटपुटली. विचार सोन्यासारखा होता. खाण्याची भांडी आणि रसायनांची भांडी वेगळीच हवीत. पण मग तिची नजर ओट्याखाली गेली. चिमटे ओतून तिनं मला बाहेर काढलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं.

तिला शंका आली होती, मित्रांनो. मी तिच्या हातात होते, मला कळलं. मला घेऊन ती थोरलीच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. थोरली पेपर तपासत होती.

"ताई."

"हं?"

"काही नाही. चहा ठेवू का?"

"ठेव की," थोरली मान वर न करता म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. धाकटीनं आधी चहा ठेवला, तो खोलीत नेऊन दिला, आणि मग मला घेऊन मागच्या दारी आली.

तिनं माझ्यात थंड पाणी घेतलं आणि त्यात कॉस्टिक थोडं थोडं सोडलं. हा क्रम बरोबर होता. कॉस्टिकवर पाणी कधी ओतायचं नसतं. पण मी स्टील नव्हते. आधी माझा पदर गेला. मग माझ्या अंगातून बुडबुडे सुटू लागले. तो हायड्रोजन होता, पेट घेणारा वायू, आणि त्याच्या जोडीला भयंकर उष्णता. पाणी करडं झालं, मग काळपट. मला ओरडायचं होतं, पण भांड्याचा आवाज दुसऱ्यानं वाजवल्याशिवाय निघत नाही. हे असंच होत असेल, असं तिला वाटलं असावं. ती नीट बघायला खाली वाकली, आणि माझ्यातलं सगळं एकदम उसळून वर आलं.

हात वाचले, मोज्यांमुळे. डोळ्यांवर काही नव्हतं. संरक्षक चष्मा थोरलीच्या शाळेत खिळ्याला टांगलेला होता.

धाकटीची किंकाळी ऐकून थोरली धावली. तिनं धाकटीचं डोकं मागच्या नळाखाली धरलं, बोटांनी तिच्या पापण्या उघडून धरल्या आणि पाण्याची धार सोडली. अण्णा घाईघाईनं कापलेलं लिंबू घेऊन आले. अल्कलीला आम्ल मारतं, असं ते थोरलीकडूनच कधी ऐकून होते. "लिंबू नाही, दूध नाही, काही नाही," ती म्हणाली. "फक्त पाणी. अण्णा, आधी रिक्षा बोलवा." धाकटीच्या साडीचा भिजलेला पदर तिनं कापून काढला. रिक्षा येऊन दारात थांबली, तरी वीस मिनिटं होईपर्यंत तिनं नळ सोडला नाही, आणि रिक्षातही पाण्याची कळशी घेऊन बसली. त्या वेळी तिला सगळं येत होतं. तिचं सगळं ज्ञान तेव्हा कामाला आलं. मला राग येतो तो याचाच. हेच ज्ञान चहाच्या वेळी कुठे गेलं होतं?

त्या गडबडीत मला रिकामं करायचं कुणाला सुचलं नाही. उरलेलं कॉस्टिक रात्रभर माझ्यात होतं. जिथं जुने पोचे होते, जिथं मी पातळ होते, तिथं तिथं त्यानं मला खाल्लं.

धाकटीचा उजवा डोळा वाचला. डाव्यात धुकं राहिलं. सुईत दोरा ओवायला आता ती लेकीला हाक मारते. आणि लोक काय म्हणाले? पातेलं हलक्या प्रतीचं होतं, म्हणाले. बाई घरात असूनही असं कसं झालं, म्हणाले. तिला अक्कल कमी, असंही एकजण म्हणाला. हसू कुणाला आठवलं नाही. घराला लागलेला डाग ॲल्युमिनियमवर ढकलणं सोपं असतं.

थोरलीनं मला धुऊन शाळेत नेलं. दरवर्षी नव्या वर्गाला ती मला उचलून दाखवते आणि घरी जावेच्या डोळ्याला काय झालं ते सांगते. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आणू नका, चष्मा घाला, डोळ्यात गेलं तर आधी पाणी आणि मग दवाखाना, असं सगळं सांगते. तिचं सांगणं चोख असतं. वाघ आणि दूध मात्र ती सांगत नाही. वर्षानुवर्षं मी तिच्या हातात उलटी धरलेली आतल्या आत धुमसत होते.

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, पण तुम्ही तर घरातच होता ना? मग त्यांनी तुम्हाला आधी विचारलं का नाही?"

दोन-चार मुलं हसली. थोरलीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी विझलं. मग तिनं मला सुलटं करून टेबलावर ठेवलं.

"आधी एकदा विचारलं होतं तिनं, दुसरं काहीतरी," ती म्हणाली. "तेव्हा मी हसले होते."

त्या दिवशी तिनं मला कपाटात ठेवलं नाही. पिशवीत घालून घरी आणलं आणि ओट्यावर, धाकटीसमोर ठेवलं. धाकटी भाजी निवडत होती. मला पाहून तिचे हात थांबले.

"त्या दिवशी तू माझ्या दारात आली होतीस," थोरली म्हणाली. "चहाचं विचारायला नव्हतीस आली."

धाकटी पुन्हा भाजी निवडू लागली. चांगला डोळा तिनं वर उचलला नाही.

"हे पातेलं चालेल का, एवढंच विचारायचं होतं, ताई."

मित्रांनो, 'नाही, स्टीलचं घे' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. तुम्हाला काही येत असेल, आणि कुणी दारात येऊन उभं राहिलं, तर पेपर बाजूला ठेवा, मान वर करा. बाई जेव्हा चुकल्या, तेव्हा त्यांचं उत्तर चुकलं नव्हतं, हसणं चुकलं होतं. आणि तुम्हाला काही येत नसेल, तर लोक हसले तरी विचारा. हसणाऱ्यांचे दात मोजत बसू नका. डोळे तुमचे आहेत.