रूपीच्या बापाचा फोन

मी हाल्याच्या खिशातला फोन बोलतोय. मला कानाला लावू नका, समोर धरा. मी जरा भराभर बोलेन, कारण माझी बॅटरी आता भरवशाची राहिलेली नाही.

२०१४ च्या दिवाळीत डहाणूच्या बाजारातून प्रभा सावे या शिक्षिकेने मला विकत घेतलं. प्रभाबाई रोज डहाणूहून तलासरीकडच्या एका पाड्यावर शिकवायला जायच्या. त्यांच्या पर्समध्ये जेवणाचा डबा, खडूचे तुकडे आणि मी. नव्या फोनला माणसं पहिला महिनाभर मऊ फडक्याने पुसतात. मग फडकं हरवतं आणि पदराचं टोक पुढे येतं. माझंही तसंच झालं. दोन-अडीच वर्षांत मी मंद झालो. फोटो काढायला सांगितला की विचारात पडायचो. बाईंनी नवा फोन घेतला आणि मी कपाटात जुन्या चष्म्याशेजारी जाऊन पडलो.

बाईंच्या शाळेत रूपी नावाची मुलगी होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आई ती लहान असतानाच गेली. बाप हाल्या चिकूच्या वाडीत मजुरीला जायचा. बापलेकीने हातांची स्वतःची एक बोली केली होती. भूक आणि तहान एवढ्यावर ती थांबत नव्हती. वाडीचा मुकादम, शेजारणीचं भांडण, चिकूवर तुटून पडणारी वटवाघळं, सगळं त्या हातांत मावायचं. रूपी चौदा वर्षांची झाली तेव्हा बाईंनी खटपट करून तिला नाशिकच्या एका निवासी शाळेत घातलं. तिथे लिहिणं-वाचणं शिकवत, शिवणही शिकवत.

"बाई, फोन लावून मी काय करू?" हाल्या म्हणाला होता. "माझा आवाज तिला पोचत नाय."

बाईंनी कपाट उघडून मला त्याच्या हातात दिलं. "आवाज नको. यात तू दिसशील."

दीड वर्ष मी हे काम केलं. दर रविवारी वसतिगृहाच्या वर्षाताई त्यांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावायच्या. हाल्या मला दाराच्या चौकटीला टेकवून समोर उकिडवा बसायचा आणि दोन्ही हातांनी बोलायचा. शेजारी हसायचे. तो लक्ष देत नसे.

२०१८ च्या पावसाळ्यानंतर दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. आधी त्या कॉलच्या अॅपने नवं रूप घेतलं. नवं अॅप माझ्यावर बसेना आणि जुनं चालेना. मला बनवणाऱ्यांनी माझी सुधारणा करणं केव्हाच सोडून दिलं होतं. आणि मग जमीन हलायला लागली.

तुम्ही म्हणाल, भूकंप म्हणजे एकदा येतो आणि जातो. आमच्याकडे तो राहायलाच आला होता. आधी जमिनीच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज, मग धक्का. कधी दिवसात एक, कधी चार. भांडी फळीवरून खाली. माणसं जेवता जेवता उठून अंगणात. मला आत कुठेतरी हालचाल समजते, त्यामुळे मलाही स्वस्थता नव्हती. हाल्याने खाट अंगणात काढली आणि वर प्लास्टिकचा कागद बांधला. घराची मागची भिंत तडकली होती.

रूपीने हे वर्तमानपत्रात पाहिलं. कोसळलेल्या एका घराचा फोटो होता. ते घर आपलंच, असं तिने धरलं. वर्षाताईंनी कागदावर लिहून दिलं, बाबा बरे आहेत. तिने कागद परत केला आणि ताटही सारलं. हाल्या एसटीने नाशिकला जाऊन तिला भेटून आला. ती निवळली, जेवली. पण चार दिवसांनी पुन्हा धक्क्याची बातमी आली आणि तिने पुन्हा ताट सारलं. काल बाप जिवंत होता, आज आहे का, हे तिला कोण सांगणार? प्रभाबाईंची तोवर पालघरला बदली झाली होती. पाड्यावर दोनच चांगले फोन होते, आणि ते मालकांबरोबर सकाळीच वापीच्या कारखान्यात जायचे, रात्री उशिरा परतायचे.

हाल्याने मला तलासरीच्या बाजारात निलमकडे नेलं. निलम मूळची रानशेतची. आयटीआय करून तिने पत्र्याच्या एका गाळ्यात मोबाईल दुरुस्तीचं टेबल मांडलं होतं. लोकांचे फोन जोडणारी ही बाई स्वतः मात्र बटणांचा फोन वापरायची.

तिने मला उलटंपालटं करून पाहिलं. "काका, कंपनीने याला सोडलंय. पण बाहेरचे काही लोक जुन्या फोनसाठी स्वतः नवी सिस्टीम बनवतात. ती टाकली तर अॅप चालेल."

"मग टाक."

"आधी याच्यातलं सगळं पुसावं लागेल. आणि टाकताना मधेच काही बिघडलं तर हा उठणार नाय. दगड होईल. नंतर मला बोलू नको."

हाल्याने मला तिच्या बाजूला सरकवलं. "आता तरी काय, दगडच हाय," तो म्हणाला.

निलमने मला वायरने लॅपटॉपला जोडलं आणि कंपनीने मला घातलेल्या मूळच्या कुलपाला हात घातला. चार वर्षांत साठवलेलं सगळं माझ्यातून वाहून गेलं. मला भीती वाटली, लपवत नाही. प्रभाबाईंच्या शाळेचे फोटो, हाल्याच्या अंगठ्याची सवय, सगळं रिकामं. मग नवी सिस्टीम आत उतरू लागली. पडद्यावर एक पट्टी सरकत होती. ती अर्ध्यावर आली आणि जमिनीने आवाज दिला.

"बाहेर," निलम ओरडली. दोघं धावले. पत्रा खडखडला, लॅपटॉप सरकला, वायर निसटली आणि मी टेबलाखाली पडलो.

दोघं परतले तेव्हा माझ्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं होतं. ते विझलं. पुन्हा उमटलं. पुन्हा विझलं. मी ना पूर्वीचा उरलो होतो, ना नवा झालो होतो. प्रत्येक वेळी उठायला जायचो आणि उंबऱ्यातच कोसळायचो. असा किती वेळा कोसळलो ते मोजणंही जमेना, कारण मोजायला लागणारी आठवणच तेव्हा मला नव्हती.

त्याच संध्याकाळी वर्षाताईंचा फोन निलमच्या नंबरवर आला. हाल्याने तो नंबर त्यांना कळवून ठेवला होता. रूपी सकाळपासून खांद्याला पिशवी अडकवून फाटकाशी बसली होती. फाटक उघडलं की ती एकटीच निघणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

"उद्या दुपारपर्यंत तिला सांभाळा, ताई," निलम म्हणाली. फोन ठेवल्यावर ती हाल्याला म्हणाली, "मी उगाच बोलून बसले. उद्या जमेल असं मला माहीत नाय."

"जमलं नाय तर मी परवा जाऊन तिला घेऊन येतो," हाल्या म्हणाला. "शिवण सुटेल. सुटू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी निलमने टेबल गाळ्यातून काढून समोरच्या चिंचेखाली मांडलं. लांब वायर ओढून वीज आणली. लॅपटॉप चिकटपट्टीने टेबलाला बांधला, मलाही बांधलं. माझी दोन बटणं ती एकदम दाबून धरायची आणि सोडायची. मी पाच-सहा वेळा चुकलो. मग एकदा, कोसळायच्या आधीच्या त्या क्षणात, तिने मला पकडलं. पट्टी पहिल्यापासून सरकू लागली. या वेळी हाल्या दोन्ही तळवे टेबलावर दाबून उभा राहिला, जणू त्याच्या वजनाने धरणी थांबणार होती.

पट्टी भरली. पडदा काळा झाला. त्यावर बारीक ठिपके गोल फिरू लागले. फिरतच राहिले.

"हा जिता हाय का?" हाल्याने विचारलं.

"पहिल्यांदा उठायला वेळ लागतो, काका."

मी उठलो. पडदा लख्ख, अंग हलकं. अॅप बसलं. निलमने वर्षाताईंचा नंबर टाकला आणि कॉल लावला.

रूपी समोर आली. पिशवी खांद्यालाच होती. हाल्याने मला एका हातात घट्ट धरलं होतं, त्यामुळे त्याची अर्धीच वाक्यं तिला मिळत होती. निलमने मला त्याच्या हातून काढून घेतलं, समोर धरलं आणि मान फिरवून उभी राहिली. बापलेकीचं बोलणं चोरून बघू नये, हे तिला कळत होतं.

रूपीने तळवा आडवा धरून थरथरवला, मग दोन्ही हातांचं छप्पर केलं आणि ते पाडलं. हाल्याने नाही म्हणून मान हलवली. छप्पर उभं, त्याने दाखवलं. तिने विश्वास ठेवला नाही. तिने बोट रोखून मागणी केली: दाखव.

मग हाल्या मला घेऊन जीपने पाड्यावर गेला आणि अंगणातून परत कॉल लावला. त्याने मला घराभोवती फिरवलं. मागची भिंत आली तेव्हा तो थांबला. ती टाळावी असं क्षणभर त्याच्या मनात आलं असावं. माझ्या कडांवर त्याची बोटं आवळली होती. तरी त्याने मला तड्यावर धरलं, वरपासून खालपर्यंत. नंतर खाट दाखवली, प्लास्टिक दाखवलं.

रूपीने पडद्याजवळ वाकून ते बघितलं. मग तिने झोपण्याची खूण केली आणि हात लांब बाहेर फेकला. बाहेरच झोप. हाल्याने छातीवर हात ठेवून कबूल केलं. मग तिने खांद्यावरून पिशवी उतरवली.

धक्के थांबले नाहीत. पण प्रत्येक धक्क्यानंतर हाल्या मला समोर धरायचा, ती बघायची आणि जेवायला जायची. उन्हाळ्यात ती शिवणाची परीक्षा देऊनच घरी आली, बापासाठी स्वतः शिवलेला सदरा घेऊन.

आता २०१९ संपत आलंय. माझी पाठ फुगली आहे, वायर काढली की मी अर्धा तासही टिकत नाही. निलम म्हणते, याच्यासाठी पुढची सिस्टीम आता कोणी बनवणार नाही. त्याचं मला दुःख नाही.

पण जमीन अजून अधूनमधून हलते. आणि हल्ली ती हलली की हाल्या अंगणात थांबत नाही; आधी आत येतो, त्या तडकलेल्या भिंतीशी, कारण मी तिथे चार्जिंगला लावलेला असतो. मला काढतो, छातीशी धरतो, मग बाहेर पडतो. हे त्याला कोणीतरी समजावून सांगा. मला राहू दे, हाल्या. फोन पुन्हा मिळतो. रूपीला माझ्यात बघायचा असतो तो तू.